हजर माणसाच्या नावाने

सोमवार, ८ जानेवारी

ठकी,

थोरल्या बहिणीने पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिलेत असं धरून चाल. नऊ वर्षांनी पत्र लिहितेय, तर उगाच गोड बोलून तुला घाबरवत नाही. फोनच केला असता, पण नवा पत्ता कळवलास तेव्हा नंबर लिहिला नव्हतास. मी समजायचं ते समजले.

काम एवढंच आहे. आईला पर्वणीच्या स्नानाला नदीवर जायचंय. पुढच्या महिन्यातली अमावास्या सगळ्यात मोठी, त्या दिवशी एका बुडीत जन्माचं धुऊन निघतं म्हणतात. वय शहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, थंडीचे दिवस आणि लाखोंची गर्दी. मी नको म्हणून पाहिलं. डॉक्टरांकडून नको म्हणवून पाहिलं. मग तिने भांडणं सोडलं आणि जेवणाकडे वळली. चार घास खायची, ताट सरकवायची आणि पोट भरलं म्हणायची. तुला ठाऊक आहे ती कशी आहे. तिसऱ्या दिवशी मी तिकिटं काढली.

आता यात तुझा संबंध कुठे आला, तर ऐक. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई मागच्या पर्वणीला जाऊन आल्या होत्या. त्यांनी आईच्या डोक्यात भरवलंय की जो माणूस येऊ शकला नाही त्याच्या नावाने आपण बुडी मारायची, पुण्य त्याला पोचतं. बुडी मारणाऱ्याला त्यातला आठवा हिस्सा मिळतो. मात्र त्या माणसाचं नाव आणि गोत्र मोठ्याने घ्यावं लागतं, नाहीतर पुण्य भलत्याच्याच दारात जाऊन बसतं. तुला माहेरचं गोत्र आता चालत नाही. सासरचं आम्हाला माहीत नाही, कारण तुझ्या लग्नाला आमच्यापैकी होतं कोण? तर ते कळव. पोस्टकार्ड पुरे.

बाकी तिने तुला काही निरोप दिलेला नाही. विचारशील म्हणून आधीच सांगते.

मी अजून तेच करते. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत साचे आणि मेण, आतल्या खोलीत पॉलिशचं यंत्र. दातांचे पाच डॉक्टर मापं पाठवतात आणि मी कवळ्या करते. गल्लीत मला कवळीवाली म्हणतात. लोकांना हसू बनवून देतेस आणि स्वतः तोंड पाडून बसतेस, असं आई म्हणते. तिची वरची कवळीही मीच केलीय, तीन वर्षांपूर्वी, चौदा दात. तेव्हा तिने सांगितलं होतं की पुढच्या दोन दातांत फट ठेव, माझी होती तशी. तुझी आहे तशी, असं ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, फट म्हणजे दोष, कारागिराने हाताने दोष ठेवायचा नसतो. सरळ, एकसारखे दात बसवून दिले. बघणारे सगळे छान म्हणतात. ती मात्र तेव्हापासून आरशात बघत नाही.

गोत्र तेवढं लवकर कळव.

ताई


रविवार, २१ जानेवारी

ठकी,

कार्ड पोचलं. एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला एक शब्द. गोत्र मागितलं तर गोत्रच पाठवलंस, खाली सहीसुद्धा नाही. शब्द तोलून मापून वापरायला तू कधी शिकलीस कोण जाणे, लहानपणी तर तुझं तोंड बंद करायला खडीसाखर लागायची.

आईने ते कार्ड चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं, आणि मग नाकाशी नेलं. पोस्टकार्डाला कसला आलाय वास? पण ती म्हणाली, तिच्या हाताचा येतोय. मी म्हटलं, पोस्टमनच्या हाताचा असेल. ती हसली नाही. कार्ड आता तिच्या उशीच्या अभ्र्यात आहे, आणि अभ्रा धुवायला टाकायचा नाही अशी मला ताकीद आहे.

नऊ वर्षं मी रोज तिच्या गुडघ्यांना तेल चोळते. म्हणून सहज विचारलं, माझ्या हाताला कसला वास येतो गं? जरा विचार करून म्हणाली, प्लॅस्टरचा. यात खोटं काही नाही. साचे ओतून ओतून तो वास आता साबणानेही जात नाही.

तुला एक सांगते, तुझ्या कधी लक्षात आलं नसेल. सहा वर्षं मलाही या घरात नाव होतं. आई त्या नावाने हाक मारायची, बाबा मारायचे. तू जन्मलीस, बाबांनी तुझं नाव ठकी पाडलं, आणि तू बोलायला लागल्यावर मी सगळ्या घराची ताई झाले. ताई हे काही नाव नव्हे, हुद्दा आहे. त्याला रजा नाही आणि बढतीही नाही. आईसुद्धा ताईच म्हणते. माझं खरं नाव आता फक्त वीजबिलावर येतं.

सध्या तिची रंगीत तालीम चालू आहे. न्हाणीघरात बादलीसमोर उभी राहते, नाक दाबते आणि डोक्यावर तांब्या ओतते. बाबांच्या नावाने एक तांब्या, तुझ्या नावाने तीन, गोत्रासकट. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"आणि माझ्या नावाचा?"

"तू काय, इथेच आहेस की," ती आतून म्हणाली. "हजर माणसाच्या नावाने बुडी नसते."

मी खाली जाऊन निवृत्त बाईंना विचारून आले. नियम तसाच आहे म्हणे, जो आलेला आहे त्याने आपली बुडी आपणच मारायची. नियम कोणी केला ते त्यांना माहीत नव्हतं. पण तो करणारा घरात धाकटा असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

सात तारखेच्या गाडीने निघतोय. तुला कळवायचं कारण नव्हतं, तरी कळवते.

ताई


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ठकी,

दुपारचे चार वाजलेत. धर्मशाळेच्या खोलीत सहा खाटा आहेत, दोरीवर बारा जणींची ओली लुगडी आहेत, आणि आई समोरच्या खाटेवर गाढ झोपलीय. तिच्या तोंडाचं बोळकं झालंय. कवळी गेली नदीत. ती तुझ्यामुळे गेली, हे मी रागाने म्हणत नाही. जे झालं ते सांगते.

उजाडायच्या आत आम्ही घाटाकडे निघालो. चाललो असं म्हणायला नको, गर्दीनेच नेलं. प्रत्येक बाईच्या हातात पुढच्या बाईचा पदर. आईने माझा खांदा जो धरला तो अजून दुखतोय. घाटाच्या पायऱ्यांवर एक गुरुजी बसले होते, कानाला मफलर, पुढ्यात दर्भाच्या जुड्या. जो माणूस आलेला नाही त्याच्यासाठी ते दर्भाची बाहुली वळून देत होते. वीतभर लांब, गळ्याशी एक गाठ, कमरेशी एक गाठ. ती हातात धरून बुडवायची, म्हणजे तो माणूसच न्हाला असं समजायचं. बाबांसाठीही एक द्या म्हटलं, तर म्हणाले, गेलेल्यांना बाहुली लागत नाही, त्यांच्या नावाने नुसती बुडी चालते. आईने तुझी बाहुली दोन्ही हातांनी घेतली. एका हाताने कठडा धर असं मी सांगत होते, ते तिच्या कानावरून गेलं.

पाणी कमरेपर्यंत होतं आणि इतकं गार की माझी बोबडी वळली. मी मागून तिला कवेत धरलं होतं. पहिली बुडी बाबांची. मग तुझ्या सुरू झाल्या. नाव, गोत्र, बुडी. नाव, गोत्र, बुडी. तिसऱ्या वेळी तिला एवढी घाई झाली की डोकं पुरतं पाण्याबाहेर यायच्या आतच तिने "ठकी" म्हणून हाक मारली. तोंडात पाणी शिरलं, आणि मी केलेले चौदा दात माझ्या डोळ्यांदेखत तिच्या ओठांतून बाहेर पडले. ती कवळी पकडू शकली असती. पण दोन्ही हातांत तू होतीस.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते, आत पाणी शिरलं की सुटते. तोंड मिटून बुडी मार, नाव मनात घे, असं मी तिला दहा वेळा बजावलं होतं. पण पुण्य भलत्याच्या दारात जाईल ना! आणि खरं सांगायचं तर हिरड्या झिजून ती कवळी वर्षभर ढिली झाली होती. मी करते, करते म्हणत होते. बाहेरच्यांच्या कवळ्या वेळेवर जायच्या आणि घरातली तशीच राहायची.

मी वाकून तळ चाचपला. एक जोडवं लागलं, कुणाची तरी किल्ली लागली, आणि मग चक्क एक कवळी हाताला लागली. वर काढून बघते तर आईची नव्हे. खालची होती, कुणा पुरुषाची, आणि काम इतकं गचाळ की बघवेना. सोडून दिली परत. आई हे सगळं बघत पाण्यात उभी होती आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसत होती. मीही हसले असते, पण तेवढ्यात आम्ही पायरीवर आलो आणि तिने पदराने तुझी बाहुली पुसायला घेतली. आधी तोंड पुसलं, मग पाठ. माझ्या केसांतून पाणी टपकत होतं, अंग थडथडत होतं, आणि ही दर्भाची पाठ पुसतेय. मला त्या गवताच्या काडीचा इतका राग आला की ती हिसकावून पाण्यात भिरकावावीशी वाटली. तिथे ती सोडून यायची असते. आईने सोडली नाही. आता झोपेतही तिच्या मुठीत आहे.

मी माझ्या नावाने बुडी मारली का, असं विचारशील. नाही. राहून गेलं.

परतताना गर्दीत थोडी चुकामूक झाली होती, पण लगेच सापडली. काळजी नको, म्हणजे करत असलीस तर.

ताई


सोमवार, १२ फेब्रुवारी

ठकी,

काल घरी पोचलो. मागच्या पत्रात लिहिलं की आई लगेच सापडली. लगेच नाही. पाऊण तासाने.

तिला एका खांबाशी बसवून मी चहा आणायला गेले होते. परत आले तर खांबाशी दुसरीच म्हातारी. पायांत चप्पल नव्हती, अंगावर ओलं लुगडं, मी वेड्यासारखी माणसांच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत सुटले. मग भोंग्यावर आवाज आला. हरवलेल्या माणसांना बसवायचा एक तंबू होता, तिथून कोणी स्वयंसेवक पुकारत होता. ठकी नावाच्या बाई जिथे कुठे असतील त्यांनी तंबूपाशी यावं, त्यांच्या आई वाट बघतायत. आजूबाजूचे हसले. ठकी काय नाव आहे, असं कोणीतरी म्हणालं.

माझा जीव भांड्यात पडला. कुठे आहे ते कळलं, सुखरूप आहे हेही कळलं. तंबू समोर दिसत होता, शंभर पावलंसुद्धा नसतील. आणि मी जागची हलले नाही. चहाच्या टपरीला टेकून उभी राहिले.

रात्रभर गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पाण्यात तिला मी धरलं. आणि हरवल्यावर ती तुला बोलावते. मनात म्हटलं, ठकीला पुकारलंय ना, मग येऊ दे ठकीला. दर पाच-सात मिनिटांनी तो पुकारत होता. मी मोजलं, सात वेळा. सातव्यांदा त्याचा आवाज बसला होता. ओल्या लुगड्यात, थंडीत, शहात्तर वर्षांच्या बाईला मी तेवढा वेळ बसवून ठेवलं, कारण भोंग्यावर माझं नाव आलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

गेले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, खांद्यावर कुणाची तरी शाल, मांडीवर बाहुली. चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही. मी वाटेत स्वतःची समजूत घालत आले होते. मी कवळीवाली आहे, कुठल्या अक्षराला दात लागतात हे मला कळतं. ताई म्हणायला जीभ दातांवर टेकवावी लागते, ठकी टाळूवर निभतं. दात नाहीत म्हणून बिचारीने सोपं नाव सांगितलं असेल. तिलाही तेच म्हटलं, जरा तोडूनच म्हटलं. दात नव्हते म्हणून माझं नाव सांगता आलं नाही ना?

"तुला कशाला पुकारायचं?" ती म्हणाली. बोबडं बोलत होती, पण शब्द न् शब्द कळला. "तू येणारच होतीस. एवढा मोठा भोंगा होता, लांब लांबपर्यंत ऐकू जातं म्हणाला तो. म्हटलं, तिला एक हाक मारून घेऊ."

स्वयंसेवक म्हणाला की आजींनी प्रत्येक वेळी आणखी मोठ्याने पुकार म्हणून सांगितलं.

ठकी, हे पत्र इथे थांबवून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडलंय.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. दोन वर्षं त्यांचं सगळं मीच केलं, खाणंपिणं, न्हाणंधुणं, कूस वळवणं. त्यांनी डोळे उघडले आणि मला ठकी म्हणून हाक मारली. मी ओ दिली. आलीस का, म्हणाले. मी म्हटलं, आले. तेव्हा ते हसले, दोन वर्षांत हसले नव्हते तसे. ते हसू माझ्या तोंडासमोर होतं आणि माझं नव्हतं. पुढे ते बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी तू आलीस. जिन्यात उभी होतीस, हातात निळी पिशवी होती. मी पाठीमागे दार ओढून घेतलं आणि तुला सांगितलं की आईला तुझं तोंड बघायचं नाही.

आई आत झोपली होती. ती असं काहीही म्हणाली नव्हती. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही. उठल्यावर तिने विचारलं, दार कोणी वाजवलं? मी म्हटलं, पोस्टमन. तू उलट एक प्रश्न न विचारता पायऱ्या उतरून गेलीस, आणि तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. तू तिच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, बाबांच्या आजारपणात आली नाहीस, म्हणून आई तुटली असेल, असं तुला पटेल हे मला माहीत होतं. मी तुला ओळखते ना.

आणि जानेवारीत लिहिलं की तिचा काही निरोप नाही. होता. ती म्हणाली होती, "तिला ये म्हणावं. माझं काही चुकलं असेल तर इथे येऊन मला सांग म्हणावं." ती समजते तू रागावलीस. तू समजतेस ती रागावली. तुमच्या दोघींच्या मधे दार धरून मी उभी आहे.

आता मात्र पाकीट बंद करते, नाहीतर फाडून टाकेन.

ताई


रविवार, १८ फेब्रुवारी

ठकी,

तुझं उत्तर काल सकाळी आलं. शिव्या असतील म्हणून मी पत्र वर्कशॉपवर नेऊन, आतून कडी घालून फोडलं. त्यात एकच ओळ. आईला हे सांगितलंस का? शिव्या परवडल्या असत्या.

नव्हतं सांगितलं. काल दुपारी सांगितलं.

तिची नवी कवळी करायला घेतलीय. पक्की करायच्या आधी दात मेणावर मांडून तोंडात बसवून बघावे लागतात. मेण मऊ असतं, तेव्हा त्या माणसाला तोंड फार हलवता येत नाही. मी ती वेळ निवडली. भित्री म्हण, चालेल. तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, मेणाची कवळी तोंडात बसवली, ओठ मिट म्हटलं, आणि समोर उभी राहून सगळं सांगितलं. बाबांनी कोणाला हाक मारली ते, जिन्यातलं, पोस्टमनचं, आणि भोंग्याखालचा पाऊण तास. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोन बोटांनी मेणाची कवळी काढली, दात हलू नयेत म्हणून अगदी जपून, आणि बशीत ठेवली. मी कानाखाली बसायची वाट बघत होते. देवाशपथ, मला ती हवी होती.

"म्हणजे आली होती ती," आई म्हणाली.

मग तिने विचारलं, काय नेसली होती? मी म्हटलं, आठवत नाही, हिरवं काहीतरी. वाळली होती का? थोडी. केस लांबच होते का अजून? हो. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाणी तरी विचारलंस का तिला?"

नव्हतं विचारलं.

बस्स. एवढंच. मला एक शब्दही नाही. संध्याकाळी वाटलं आता बोलेल. तेल चोळताना वाटलं आता तरी पाय ओढून घेईल. आज सकाळपासून तुझी निळी पिशवी केवढी होती ते तीनदा विचारून झालं. मोठी असली तर राहायच्या तयारीने आली असेल, असा तिचा हिशेब आहे. मी नऊ वर्षं तिला फसवलं, आणि माझ्यावर रागवायलासुद्धा तिला सवड नाही. तुझा हेवा मी जन्मभर केला, पण कालच्यासारखा कधी केला नाही.

या वेळी पुढच्या दोन दातांत फट ठेवलीय. तुझा लहानपणीचा फोटो समोर ठेवून ठेवली, म्हणजे मापात चूक नको. बशीतली कवळी तिने नंतर पुन्हा तोंडात घातली आणि आरसा मागितला. तीन वर्षांत पहिल्यांदा. फटीवरून जीभ फिरवली आणि हसली. आरशातल्या कोणाला हसली ते मला विचारू नकोस. कवळी बुधवारी तयार होईल.

आता नीट वाच. चोवीस तारखेला, पौर्णिमेला, नदीवर शेवटचं स्नान आहे. मी एकटी जाणार आहे. गुरुवारी दुपारच्या गाडीने निघते. तू त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ये. मधले चार तास खालच्या बाई आईजवळ बसतील. तू दारात येशील तेव्हा मी घरी नसेन, कारण तुमची भेट मला बघवणार नाही. हे मी चांगुलपणाने करत नाहीये, तेव्हा पत्रात माझे आभार मानू नकोस.

खालच्या बाईंकडे किल्ली आहे, पण ती मागू नकोस. दार वाजव आणि थांब. आईला उठायला वेळ लागतो, दोनदा वाजवलंस तर घाबरते. आधी डाव्या गुडघ्याला तेल, मग उजव्या. कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवायची. ती ठेवली म्हणून सांगते आणि ठेवत नाही, तेव्हा वाटी उघडून बघ. ताट सरकवलं तर विनवण्या करू नकोस, नुसती समोर बसून राहा. एक-दोन दिवस तुझं कौतुक होईल. मग तूही या घरात हजर माणूस होशील, आणि तुझ्या चहात साखर जास्त पडली म्हणून बोलणी खाशील. मला त्याची वाट बघायचीय.

मी तिथे माझ्या नावाने बुडी मारेन की नाही माहीत नाही. मला दुसरंच काही हवंय आणि ते फक्त तूच करू शकतेस. शनिवारी दिवेलागणीला, देवाजवळ दिवा लावून झाला की ती खिडकीशी बसते. तेव्हा तिच्याजवळ बस आणि नुसती ऐक. ती माझं नाव काढते का बघ. तू विषय काढायचा नाहीस, सुचवायचंही नाही. ताई कुठवर पोचली असेल गं, एवढं म्हणाली तरी मला चालेल. आयुष्यात पहिल्यांदाच ती घरात असेल आणि मी नसेन, तेव्हा मला हे कधी कळायचं तर ते आत्ताच.

काढलं तर मला लिही. नाही काढलं तरी तसंच लिही. माझं मन राखायला खोटं लिहू नकोस, ठकी. मी एकदा खोटं बोलले, जिन्यात, एका वाक्याचं. ते राखण्यात माझी नऊ वर्षं गेली.

ताई